आठ हातांचं खेळणं आणि आईचे दोन हात

(मिशनच्या स्वयंसेविकांच्या वार्षिक मेळाव्यात, विणकाम गटाच्या एका ज्येष्ठ सदस्येने केलेले भाषण. अनेक वाचकांच्या आग्रहावरून ते येथे देत आहोत.)

आदरणीय फादर, सर्व सिस्टर्स, आणि विणकाम करणाऱ्या, न करणाऱ्या, तसंच "मला नाही बाई जमणार" म्हणणाऱ्या माझ्या सगळ्या बहिणींनो,

मला आज एका खेळण्याबद्दल बोलायला सांगितलं आहे. ते मी बरोबर आणलं आहे. मागच्या रांगेपर्यंत हातोहात जाऊ द्या. दाबून बघा, पाय ओढून बघा, हवं तर पिळून बघा. फक्त फिरून माझ्याकडे परत येऊ द्या, कारण उद्या ते डोंगरावर एका मुलाकडे जायचं आहे.

हा ऑक्टोपस. आपण वसईची माणसं, समुद्राच्या काठावरची. आपल्या बाजारात माकूळ येते, तिच्याच कुळातला हा प्राणी. याला आठ हात, अंगात एकही हाड नाही, आणि हृदयं तीन. तीन हृदयं असलेला प्राणी मिशनच्या कामाला चांगला, असं आमच्या गटातली एक बाई म्हणाली होती. पण हे काम नीट करायला मला जे शिकावं लागलं, ते मी या प्राण्याकडून शिकले नाही. एका नर्सकडून आणि एका आईकडून शिकले. तेच आज सांगणार आहे.

सुरुवात माझ्या हौसेपासून झाली. शाळेतून निवृत्त झाल्यावर हातात वेळ होता. क्रोशाची सुई माझ्या हातात आठव्या वर्षापासून आहे. आईने शिकवलं. आपल्याकडे पूर्वी प्रत्येक घरात टेबलावरचे रुमाल, वेदीसाठी लेस, बाप्तिस्म्याचं बाळाचं टोपडं हे सगळं घरीच व्हायचं. मुलीने मोबाईलवर मला एक बातमी दाखवली. डेन्मार्कमध्ये 2013 साली काही बायकांनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस विणायला सुरुवात केली. काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ आपल्या नाकातली, हातातली नळी ओढतं. त्याच्या मुठीत ऑक्टोपसचा कुरळा पाय दिला, तर ते तोच धरून ठेवतं, त्याला आईच्या पोटातल्या नाळेसारखं वाटतं, अशी त्यामागची कल्पना. पुढे हे लोण इंग्लंडमध्ये गेलं आणि मग जगभर पसरलं.

मला ही कल्पना फार आवडली. आमच्या धर्मग्रामातल्या अकरा बायका गोळा केल्या. प्रत्येकीच्या घरी उरलेल्या लोकरीच्या गुंड्या होत्याच. दोन महिन्यांत आम्ही 40 ऑक्टोपस विणले. गुलाबी, पोपटी, चमकी दोऱ्याचे, डोळ्यांना काळे मणी लावलेले, गळ्यात रिबन बांधलेले. फोटो काढले. आणि एका सकाळी मी आणि आणखी दोघी ती पिशवी घेऊन आपल्या जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात, नवजात बाळांच्या कक्षाच्या दारात जाऊन उभ्या राहिलो.

तिथल्या सिस्टर बाहेर आल्या. पिशवी उघडली, एक ऑक्टोपस हातात घेतला, उलटा केला, डोळा ओढला. डोळा त्यांच्या हातात आला. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "बाई, फार सुंदर केलंय. पण मी हे आत घेऊ शकत नाही."

खोटं कशाला बोलू, मला राग आला. दोन महिन्यांची मेहनत! येताना रिक्षात आम्ही तिघी एक शब्द बोललो नाही. घरी आले तर समोर माझा नातू, तेव्हा सव्वा वर्षाचा. त्याला मी पहिला ऑक्टोपस दिला होता. तो जमिनीवर बसून काहीतरी चघळत होता. तोंडात बोट घालून काढलं, तर काळा मणी.

त्या रात्री मला झोप आली नाही. तो मणी मी आजही माझ्या विणकामाच्या डब्यात ठेवला आहे. हा दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता. विणणारी मी, मणी लावणारी मी, आणि ज्यांना बोलताही येत नाही अशा 40 बाळांसाठी तसाच मणी घेऊन निघालेलीही मीच.

दुसऱ्या आठवड्यात मी एकटीच परत त्या सिस्टरांकडे गेले. म्हटलं, "तुम्ही मला आत घेऊ नका, पण का नको ते समजावून सांगा." त्यांची ड्युटी संपली होती. तरी त्या बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ पाऊण तास बसल्या.

त्यांनी सांगितलेलं मी माझ्या शब्दांत सांगते. सदतीस आठवडे भरण्याआधी जन्मलं ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. अडीच किलोच्या खाली भरलं ते कमी वजनाचं बाळ. अशा बाळाच्या अंगावर चरबी नसते, ते लगेच गार पडतं. त्याला जंतुसंसर्ग पटकन होतो. लोकरीचे धागे सुटतात आणि बाळाच्या बोटाभोवती गुंडाळले जातात. मऊ खेळणं तोंडावर आलं तर ते दूर ढकलायची ताकद त्याच्यात नसते. म्हणून एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात मऊ खेळणं ठेवूच नये. आणि ऑक्टोपसमुळे बाळं लवकर बरी होतात, याला अजून भक्कम पुरावा नाही.

मग त्या म्हणाल्या, "बाई, नाळेसारखं काहीतरी बाळाला देण्यापेक्षा, जिची नाळ होती तिच्यापाशीच बाळ दिलं तर?"

त्यांनी मला कांगारू पद्धतीची माहिती दिली. 1978 साली कोलंबिया देशात, बोगोटा शहरातल्या एका रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळं जास्त झाली. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. गरिबीतून निघालेली ही वाट आज श्रीमंत देशही चालतात. 2021 साली भारतासह पाच देशांत झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. 1 किलो ते 1.8 किलोच्या बाळांना, प्रकृती स्थिर होण्याची वाट न बघता, जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं, तेव्हा मृत्यू पावणाऱ्या बाळांचं प्रमाण 25 टक्क्यांनी कमी झालं. एवढी ताकद आईच्या उबेत आहे.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झालं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला उबदार कसं ठेवायचं, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. तिथल्या नवजात बालमृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई घरोघरी जाऊन बाळ बघतात, त्यामागे हे काम आहे.

मी विचारलं, "मग आमच्या सुयांना काहीच काम नाही का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आहे की. टोप्या द्या. छातीशी बांधलेल्या बाळाचं डोकं उघडं राहतं. सुती टोप्या, बंद नको, गोंडे नकोत, मणी तर नकोच. आणि तुमचा आठ हातवाला वरच्या मजल्यावर घेऊन जा. तिथे त्याची खरी गरज आहे. पण डोळे बदलून."

वरच्या मजल्यावर पोषण पुनर्वसन केंद्र होतं. सहा महिने ते पाच वर्षांची, अतितीव्र कुपोषित मुलं तिथे आईबरोबर साधारण दोन आठवडे राहतात. आपल्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी 1992 साली सारा महाराष्ट्र हादरला होता. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, वर्तमानपत्रात वाचून हळहळले होते, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर गणितं लिहिली होती. ते मूल प्रत्यक्ष कसं दिसतं हे मात्र मी त्या दिवशी पाहिलं.

बहिणींनो, तिथे सगळ्यात जास्त काय जाणवलं सांगू? शांतता. आठ मुलं एका खोलीत आणि आवाज नाही. मी 34 वर्षं प्राथमिक शाळेत काढली. मुलांच्या आवाजाने डोकं दुखायचं. त्या खोलीत मात्र वाटलं, देवा, यांतलं एखादं मूल आता ओरडू दे, भांडू दे.

कुपोषित मूल खेळत नाही. अंगातली शिल्लक शक्ती शरीर जगण्यासाठी राखून ठेवतं. मूल खेळत नाही म्हणून आसपासचं कुणी त्याच्याशी खेळत नाही, आणि कुणी खेळत नाही म्हणून त्याची वाढ आणखी मागे पडते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने अशा मुलांच्या उपचाराच्या ज्या दहा पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यात नववी पायरी खेळाची आणि मायेची आहे. साखर कमी होऊ न देणं, अंग गार पडू न देणं, जंतुसंसर्गावर औषध, हळूहळू आहार वाढवणं, आणि त्याच यादीत रोज 15 ते 30 मिनिटं मुलाशी ठरवून खेळणं. खेळणं ही चैन आहे असं मला वाटायचं. तिथे कळलं की ते औषधाच्या कागदावर लिहिलेलं आहे.

तिथल्या आहारतज्ज्ञ ताईंनी मला जमैकातल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. तिथे वाढ खुंटलेल्या 129 मुलांवर, 9 ते 24 महिन्यांच्या, दोन वर्षं काम झालं. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जाऊन आईला मुलाशी कसं खेळायचं ते दाखवत, घरी बनवलेली खेळणी घेऊन. काहींना दोन्ही दिलं. ज्यांना आहार आणि खेळ दोन्ही मिळालं, त्यांची बौद्धिक प्रगती सगळ्यांत जास्त झाली. वीस वर्षांनी त्याच मुलांना शोधून काढलं, तेव्हा लहानपणी खेळ मिळालेल्यांची कमाई, न मिळालेल्यांपेक्षा 25 टक्क्यांनी जास्त होती. मात्र ती जादू खेळण्याची नव्हती. खेळण्याच्या निमित्ताने आई आणि मूल एकमेकांकडे बघत होते, बोलत होते, ती जादू त्याची होती.

तेव्हा मी घरी येऊन ऑक्टोपस पहिल्यापासून विणला. आता तो कसा विणायचा ते सांगते. ज्यांनी वह्या आणल्यात त्यांनी लिहून घ्या.

दोरा शंभर टक्के सुती घ्यायचा, नवा. सुई 3 मिलिमीटरची. टाका सर्वांत बुटका, ज्याला आपण मुका खांब म्हणतो. हात घट्ट ठेवायचा. विणून झाल्यावर टाक्यांमधून करंगळी काय, आतला कापूसही दिसता कामा नये.

डोक्यापासून सुरुवात. बोटाभोवती दोऱ्याचा फास करून त्यात 6 टाके, आणि फास ओढून भोक बंद. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, झाले 12. मग प्रत्येक फेरीला सहा सहा वाढवत जायचं: 18, 24, 30, 36. फेरी कुठे सुरू झाली ते कळायला सेफ्टी पिन लावा. माझ्यासारख्या बोलत बोलत विणणाऱ्या बायकांना तर पिनेशिवाय गत्यंतर नाही. 36 वर आल्यावर न वाढवता आठ फेऱ्या. मग दोन टाके एकात मिटवत उतरायचं: 30, 24 आणि शेवटी 16.

आता डोळे. डोळे काळ्या दोऱ्याने भरायचे, कशिद्यासारखे. मणी नाही, बटण नाही, चिकटवलेली टिकली नाही. हा नियम ज्या बाईला मान्य नसेल तिने माझ्याकडे यावं, मी तिला माझ्या डब्यातला मणी दाखवीन.

मग हात. 16 टाके राहिलेत, म्हणजे एका हाताला दोन टाके, हात आठ. कडेपासून 40 साखळ्या घालायच्या आणि परत येताना प्रत्येक साखळीत दोन दोन मुके खांब. एका जागी दोन टाके बसले की पट्टी आपोआप वळते, कुरळी होते. हात ताणून मोजला तर 22 सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये, नाहीतर तो गळ्याभोवती गुंडाळला जाऊ शकतो. पट्टीने मोजा, अंदाजाने नको.

डोक्यात उशीत घालतो तो धुता येणारा पॉलिस्टरचा कापूस भरायचा. घरच्या जुन्या गादीचा कापूस, कापडाच्या चिंध्या, थर्मोकोलचे गोळे यांतलं काहीही चालणार नाही. खाली 6, 12, 16 अशी छोटी चकती विणून शिवून टाकायची. प्रत्येक टोक सुईत ओवून आत, उलट-सुलट तीनदा न्यायचं. शेवटी ऑक्टोपस गरम पाण्यात धुवायचा, उन्हात पूर्ण वाळवायचा, आणि प्रत्येक हात जोराने ओढून बघायचा. आपल्या हातून तुटला तर बरं झालं, मुलाच्या हातून तुटला नाही.

असे बारा ऑक्टोपस घेऊन मी वरच्या मजल्यावर गेले. आणि तिथे मला दुसरा धडा मिळाला.

खिडकीजवळच्या खाटेवर मोखाड्याकडची एक आई होती, तिचा अडीच वर्षांचा मुलगा मांडीवर. मी ऑक्टोपस त्याच्यापुढे नाचवला. आवाज काढले. मुलाने तोंड फिरवलं. आईने खेळणं हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि मला विचारलं, "बाई, हा कोण?"

मी सांगितलं, समुद्रातला प्राणी. तिने मान हलवली. ती दिवाळीनंतर घरच्यांबरोबर वीटभट्टीवर येते. आमच्या वसईच्याच बाजूला चार हंगाम विटा थापून गेली आहे. मी विचारलं, "मग समुद्र पाहिला असशील." ती म्हणाली, "नाही. भट्टीवरून कुठे जायला होतं?"

बहिणींनो, आपण ज्या जिल्ह्यात राहतो, त्याच जिल्ह्यात ती राहते. आपल्या घरांच्या विटा तिने थापल्या असतील. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर होता. तिला तो कुणी दाखवला नाही, आणि मी तिच्या मुलाला समुद्रातला प्राणी दाखवत होते.

मी काय बोलावं याचा विचार करत होते, तेवढ्यात तिने ऑक्टोपसचे दोन हात चिमटीत धरले, टोकं वर वळवली आणि मुलाच्या पोटावर आडवा चालवला. तोंडाने हलका आवाज काढला. म्हणाली, "खेकडा आला, खेकडा." पावसाळ्यात ओढ्याला खेकडे पकडणं तिला आणि तिच्या मुलाला माहीत होतं. मुलाने मान वळवली. त्याने हात पुढे केला आणि एक पाय धरला. हसला नाही. पण सोडलाही नाही. जेवणाची वाटी आली तेव्हाही डाव्या हातात पाय धरलेलाच होता, आणि त्याची आई त्याच्याशी बोलत होती.

मी जे दहा मिनिटं नाचून करू शकले नाही, ते तिने दोन बोटांनी केलं. कारण त्याला काय ओळखीचं आहे हे तिला माहीत होतं. मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

त्या रात्री मी ऑक्टोपसचा खेकडा केला. काही फार बदलावं लागलं नाही. खेकड्याला चालायचे पाय आठच असतात, वर दोन नांग्या. तेव्हा आठ हात आखूड केले, 40 साखळ्यांच्या जागी 12 घेतल्या, आणि परतताना प्रत्येक साखळीत एकच टाका, म्हणजे पाय सरळ राहतात. डोकं 36 टाक्यांवर आणून आठाऐवजी चारच फेऱ्या केल्या, कापूस कमी भरून चपटं ठेवलं. दोन नांग्या वेगळ्या विणून पुढे शिवल्या. रंग ओढ्यातल्या खेकड्यासारखा, मातकट. दोन दिवसांनी नेला तेव्हा त्या मुलाने तो बघितला आणि आईच्या पदरामागे लपला. भ्यायला होता! खरा वाटला त्याला. माझ्या विणकामाचं इतकं मोठं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही. मग हळूच बाहेर येऊन त्याने त्याची नांगी धरली, आणि या वेळी तो हसला.

त्याची आई दुपारी माझ्याजवळ बसली. तिने सुई मागितली. तिच्या घरी बांबूच्या टोपल्या विणतात, त्यामुळे बोटांना वळण होतं. साखळी एका दिवसात आली, मुका खांब दुसऱ्या दिवशी. आठवड्याच्या शेवटी तिने स्वतः एक खेकडा पुरा केला, माझ्यापेक्षा घट्ट विणीचा. घरी जाताना मी तिला सुई आणि दोऱ्याच्या दोन गुंड्या दिल्या. मुलाचं वजन वाढलं होतं. ते वजन आहाराने, औषधाने, डॉक्टर-नर्सच्या मेहनतीने वाढलं, खेकड्याने नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या कामाच्या गोष्टी सांगताना आपल्याला थोडं वाढवून सांगायचा मोह होतो. खेकड्याने एवढंच केलं की त्या दोन आठवड्यांत आई आणि मूल रोज खेळले. आणि सिस्टरांच्या यादीत नवव्या पायरीपुढे बरोबरची खूण झाली.

बायबलमध्ये, प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात, यापो गावच्या तबीथेची गोष्ट आहे. तिलाच दुर्कस म्हणतात. यापो हे बंदर, म्हणजे तीही आपल्यासारखी समुद्रकाठची बाई. ती विधवांसाठी कपडे शिवायची. ती वारली तेव्हा त्या विधवा रडत रडत पेत्राला ते कपडे दाखवू लागल्या. लहानपणापासून मी ही गोष्ट ऐकत आले. आता मला तिच्यात एक नवी गोष्ट दिसते. ते कपडे तिने त्यांच्याबरोबर असताना केले होते, असं तिथे म्हटलं आहे. त्यांच्याबरोबर असताना. म्हणजे कुणाच्या अंगाचं माप काय, कुणाला थंडी वाजते, कुणाचा झगा फाटलाय, हे तिला ठाऊक होतं. मी मात्र 40 ऑक्टोपस माझ्या दिवाणखान्यात बसून केले, आणि मग ते कुणाला द्यायचे ते शोधायला निघाले.

आता आमच्या गटाचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते आणि थांबते.

आम्ही महिन्यातून एकदा केंद्रावर जातो आणि आधी विचारतो. सिस्टरांना विचारतो, किती टोप्या हव्यात, कुठल्या मापाच्या. आयांना विचारतो, मुलाला काय आवडतं. मागच्या वर्षी खेकडे गेले, मासे गेले, एका मुलीसाठी कोंबडी गेली. एका मुलाला ट्रॅक्टर हवा होता, तो अजून आमच्या कुणाला जमलेला नाही. कुणाला येत असेल तर जरूर सांगा. ऑक्टोपसही जातात, आता त्याची गोष्ट सांगून. एका वर्षाच्या आतल्या बाळाला मऊ खेळणं आम्ही देत नाही, कुणी कितीही मागितलं तरी. खेळणं मुलाचंच होतं, ते घरी जाताना बरोबर नेतं. कारण दुसऱ्याच्या लाळेचं, संसर्गाचं खेळणं पुढच्या मुलाला देता येत नाही. आणि उरलेली लोकर आम्ही घेत नाही. माझ्या बोलण्याने कुणाला वाईट वाटेल, पण उरलेलं आपण आपल्या नातवाला देत नाही, मग या मुलाला का द्यावं?

तुमच्याकडे माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. ज्यांना विणता येतं त्यांनी महिन्याला एक खेळणं आणि दोन टोप्या द्याव्या. ज्यांना येत नाही त्यांनी सुती दोरा किंवा क्रोशाच्या सुया द्याव्या. आता आयांना शिकवायला सुया कमी पडतात, चार जणी एका सुईवर शिकतात. आणि ज्यांना यांतलं काहीच शक्य नाही, त्यांनी एकदा आमच्याबरोबर यावं. एक तास एका मुलापाशी बसावं. नुसतं बसलात तरी चालेल, मूल तुम्हाला काय करायचं ते सांगेल.

एक शेवटचं. येत्या हिवाळ्यात, भट्ट्या सुरू झाल्यावर, आमच्या गटाने एक टेम्पो ठरवला आहे. आमच्या बाजूला ज्या भट्ट्या आहेत, तिथल्या आया आणि मुलांना रविवारी दुपारी समुद्रावर न्यायचं. फादरांनी परवानगी दिली आहे. भट्टीमालकांशी बोलणं चालू आहे. त्या मोखाड्याच्या बाईला निरोप गेला आहे. ती आली तर मी तिला म्हणणार आहे, "बघ, हा समुद्र. यात तो आठ हातवाला राहतो."

ती काय म्हणते ते पुढच्या मेळाव्यात सांगेन.

माझा ऑक्टोपस कुठपर्यंत आला? हां, आणा इकडे. एक हात थोडा सैल झालाय वाटतं. बरं झालं, इथेच कळलं. आज रात्री पुन्हा पक्का करते.